डावीकडून तीन

गुरुवारी संध्याकाळी, प्रौढांच्या वर्गात,
ताइस्तोने क्षच्या जागी थेट तीन घातले.
वर चार आले, खाली शून्य.
मग त्याने पेन्सिल बाकावर ठेवली,
पोलादाच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस
तापलेली वस्तू ठेवतो तशी, लांबून.

"छेदात शून्य. म्हणजे संपलं ना, बाई?"

संपलं नाही, ताइस्तो.
तीनवर जायचंच नाही.
जवळ जायचं. इतकं, की श्वास त्याच्या काचेवर उमटेल,
पण दार वाजवायचं नाही.
आणि आधी सांगायचं,
निघालास कुठून?

बाहेर उणे सव्वीस अंश.
नदीवर हातभर जाड बर्फ.
नकाशात डावीकडे स्वीडन, उजवीकडे आमचं तोर्निओ,
मधून सीमा जाते,
जी बर्फावर कुणी आखलेली नाही.
पलीकडे आता सहा वाजलेत, इथे सात.
पूल ओलांडून आलं की माणूस तासभर म्हातारा होतो,
आणि परत गेलं की तो तास
सुट्ट्या पैशांसारखा हातात पडतो.
दरवर्षी कुणीतरी हेच उदाहरण देतं.
दरवर्षी मी सांगते, ही नुसती उडी झाली,
घड्याळ हे काही परिमेय फल नव्हे.
परिमेय फल उडी मारत नाही.
ते एक तर फाटतं,
नाहीतर त्याला एक भोक पडतं.

तर, वर क्ष अधिक एक, खाली क्ष उणे तीन.
डावीकडून ये.
२.९ला उणे एकोणचाळीस.
२.९९ला उणे तीनशे नव्व्याण्णव.
अंश बघ, बिचारा चारच्या आसपास नुसता उभा आहे.
सगळं करतो तो छेद.
तो जितका बारीक होत जातो
तितकं ऋण वाढत जातं.
आता उजवीकडून ये.
एक्केचाळीस. चारशे एक. चार हजार एक.
तोच तीन, तीच वाट,
आणि हा निघाला छताकडे.

ताइस्तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला.
"माझा भाऊ डावीकडे राहतो," म्हणाला.
"ओइवा. अकरा वर्षं बोललो नाही.
आई गेल्यावर बोटीचं इंजिन विकलं, त्याचा हिशेब.
त्याने मांडला की मी बुडवलेले असतात,
मी मांडला की त्याने."

वर्गात कुणीतरी खोकलं.
दोन्हीकडची उत्तरं जुळत नसतील, मी म्हणाले,
तर सीमा अस्तित्वात नाही.
पुस्तकात असंच असतं.
म्हणून टाकलं, आणि लगेच खडू बदलल्यासारखं करून
दुसरं गणित लिहिलं.

वर क्षचा वर्ग उणे नऊ, खाली पुन्हा क्ष उणे तीन.
इथेही तीनला छेद शून्य,
पण या खेपेला वरचाही शून्य.
५.९, ५.९९, ५.९९९.
६.१, ६.०१, ६.००१.
दोघं दोन बाजूंनी चालत सहापाशी येतात
आणि तिथे कुणीच नसतं.
आलेखावर एक पोकळ वर्तुळ काढायचं, बारीक.

ताइस्तोचं वर्तुळ फार मोठं आलं, शिवाय तिरकं.
"हे असंच असतं," तो म्हणाला,
"गिरमिटाने पाडलेलं.
वडील आम्हाला नदीच्या मधोमध न्यायचे,
भोकाच्या एका बाजूला तो बसायचा, एका बाजूला मी.
मासा क्वचितच लागायचा."

मार्चमध्ये चाचणी झाली.
त्याने दोन्ही गणितं सोडवली होती.
दुसऱ्याखाली समासात, आडव्या अक्षरात:
सीमा सहा. फल तिथे नाही.
रविवारी जाऊन बघितलं, बर्फ अजून धरून आहे.

कुणी आलं होतं का पलीकडून, ते लिहिलं नव्हतं.
पेपरात विचारलंही नव्हतं.

पहिल्या गणितात मी अर्धा गुण कापला.
डावीकडून येताना
तीनच्या डोक्यावर जो छोटा उणे लिहायचा असतो,
तो तो विसरला होता.